टॅपेट सेट करूनही टकटक राहते तेव्हा: जुन्या ट्रॅक्टरचे रॉकर आणि व्हॉल्व्ह कसे तपासावेत

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. शहाद्याकडचा, तीन सिलिंडरचा, ३५ एचपीचा, पंचवीसेक वर्षं जुना ट्रॅक्टर. सकाळी स्टार्ट केला की वरून टकटक येते, गरम झाल्यावर कमी होते पण जात नाही. मेकॅनिकने दोनदा टॅपेट सेट केले (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप लावला), आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच. स्टार्टला वेळ लागतो, सुरू होताना निळसर धूर येतो. आता मेकॅनिक म्हणतो, हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) आणि बोअर (सिलिंडरची आतली बाजू) या दोन्हींचं काम काढू. तुम्ही विचारताय की टॅपेट कव्हर उघडल्यावर रॉकर झिजलेत की व्हॉल्व्ह, हे ओळखायचं कसं, आणि काम कधी काढावं.

मला यात एकाऐवजी तीन तक्रारी दिसतात: आवाज, उशिरा स्टार्ट आणि धूर. त्या तिन्हींचं कारण एकच असेल असं नाही. आवाज बहुतेक रॉकरकडून येतो, उशिरा स्टार्ट होणं व्हॉल्व्हच्या सीटमुळे (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती हेडमधली कड), डिझेल फवारणाऱ्या नोझलमुळे किंवा पिस्टनच्या रिंगांमुळे असू शकतं, आणि सुरुवातीचा धूर गाईडमुळे (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). हे वेगळं काढलं नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. बोअरवर पैसे जातात आणि टकटक तशीच राहते.

दुसरी गोष्ट. तुमच्या मेकॅनिकने दोनदा टॅपेट सेट केले, पण सेट करण्याआधी गॅप किती होता हे लिहून ठेवलं का? माझ्या कामातला पहिला नियम हाच आहे: आधी मोजायचं, मग स्क्रूला हात लावायचा. इंजिनाच्या वरच्या भागात काय झिजतंय ते वाढलेला किंवा कमी झालेला गॅप सांगतो. स्क्रू फिरवला की तो पुरावा पुसला जातो, आणि मग सगळं अंदाजपंचे चालतं.

कारण साधं आहे. कॅम टॅपेट आणि पुश रॉडला वर ढकलतो, पुश रॉड रॉकरचं एक टोक उचलतो, आणि शाफ्टवर डुलणाऱ्या रॉकरचं दुसरं टोक, म्हणजे पॅड, व्हॉल्व्ह दाबतं. रॉकरचा पॅड, रॉकरचं बुश (शाफ्टवर बसणारी आतली नळी), शाफ्ट, पुश रॉडची टोकं, टॅपेट, कॅम, यातलं काहीही झिजलं तरी गॅप वाढतो आणि इंजिन टकटक करतं. व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये खाली बसायला लागला, म्हणजे हेडच्या आत सरकला, तर त्याच्या दांडीचं वरचं टोक वर येतं. मग गॅप कमी होतो आणि आवाजही कमी होतो. लोक टकटकीला घाबरतात. मला भीती वाटते ती मुक्या झालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची. गॅप संपला की तो व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकून सोडतो. टेकलाच नाही तर ती जायला जागा राहत नाही. कडेने जळता वायू निसटत राहतो आणि काही दिवसांत कडेला खाच पडते. 'आता आवाज गेला, छान झालं' म्हणून लोक खूश असतात, तेव्हाच आत व्हॉल्व्ह जळत असतो.

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. इंजिन कुठलं, हेड आधी कधी फेस केलंय का (मशिनवर घासून सपाट केलंय का), ट्रॅक्टर ट्रॉलीवर चालतो की रोटाव्हेटरवर, एअर फिल्टरच्या वाटीतलं ऑइल कोण आणि कधी बदलतं, रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी जातं का, यावर माझं उत्तर थोडं बदलेल. गॅपचा आकडाही इंजिनागणिक वेगळा असतो. मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरमध्ये सिंपसन कंपनीचं इंजिन येतं, त्याचं मूळ पर्किन्स कंपनीचं. पर्किन्सच्या ३.१५२ या तीन सिलिंडर इंजिनाला थंड असताना ०.३० मिमी आणि गरम असताना ०.२५ मिमी गॅप असतो. वर्कशॉपमध्ये त्यालाच बारा थाऊ आणि दहा थाऊ म्हणतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). स्वराज, महिंद्रा किंवा एचएमटीवर हाच आकडा आंधळेपणाने लावू नका. तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. खाली मी समजण्यापुरता ०.३० धरतो.

कव्हर काढण्याआधी: आवाज कुणाचा आहे

टॅपेटचा आवाज कॅमच्या वेगाने येतो, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) सोडलं तर ठोके वेगवेगळे ऐकू येतात, हलके आणि कोरडे. आमच्याकडे लोक येऊन सांगतात, 'दादा, इंजन टकटक करस', पण ती टकटक नोझलचीही असू शकते आणि पिस्टनचीही. म्हणून स्लोवर एकेका सिलिंडरच्या नोझलचा पाइप नट थोडा सैल करून बघा. त्यावर कापड गुंडाळा आणि तोंड-हात लांब ठेवा, कारण त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. सिलिंडर बंद पडल्यावर आवाज गेला किंवा एकदम हलका झाला, तर तो जळण्याचा, पिस्टनचा किंवा बेअरिंगचा आहे. आवाज जशाच्या तसा राहिला तर तो वरचा, टॅपेटचा.

मग कव्हर काढून पुन्हा स्लोवर चालवा. बाही, गमछा, सैल काहीही अंगावर नको, आणि ऑइल उडेल हे धरून चाला. पहिल्यांदा फक्त बघत राहा. प्रत्येक रॉकरमधून ऑइल झिरपलं पाहिजे. थंड इंजिनात ते वर यायला थोडा वेळ लागतो. एखादा रॉकर कोरडाच राहिला तर त्याच्या वाटेत गाळ अडकलाय, आणि एखाद्याच्या बाजूने ऑइल भसाभसा पडत असेल तर त्याचं बुश गेलंय. हात न लावता एवढं कळतं. त्यानंतर फिलर गेजची (गॅप मोजायच्या पत्त्यांच्या संचाची) बारीक पत्ती एकेका व्हॉल्व्हच्या टोकावर, रॉकरखाली सरकवा. ज्या ठिकाणी पत्ती घातल्यावर ठोका मऊ होतो, तो दोषी. तिथे खडूने खूण करा.

मोजायचं कसं

इंजिन बंद करून रात्रभर थंड होऊ द्या. स्टॉपची दांडी ओढून ठेवा, बॅटरीची एक केबल काढा. क्रँक पुलीच्या नटवर पाना लावून फिरवायचं. नोझल काढली तर हाताला हलकं जातं, पण फक्त गॅप मोजायला ती काढायची गरज नाही.

तीन सिलिंडरमध्ये लोकांचा गोंधळ होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या वापरता येतात, इथे तशी सरळ जोडी नसते. म्हणून कुठल्याही इंजिनाला चालेल अशी रीत सांगतो. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मोजायचे त्याच्या दोन्ही रॉकरकडे बघत पुली फिरवा. एक्झॉस्ट वर येऊन बंद होत असतो आणि त्याच क्षणी इनलेट दबायला लागतो, तो क्षण पकडा. पुलीवर खडूची खूण करा आणि तिथून बरोबर एक पूर्ण फेरा द्या. आता त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत आणि दोन्ही मोजता येतात. तिन्ही सिलिंडरला असंच करायचं. इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे क्रमावरून धरू नका, मॅनिफोल्डच्या तोंडासमोर कोणता येतो ते बघून ठरवा.

सहाही आकडे कागदावर उतरवा. स्क्रूला अजून हात लावायचा नाही.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी मोजा, ज्या फार कमी लोक बघतात. पहिली म्हणजे प्रत्येक रॉकरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचे आटे लॉकनटच्या वर किती दिसतात. हा स्क्रू म्हणजे आधीच्या सगळ्या मेकॅनिकांनी लिहून ठेवलेली वही आहे. व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली जात राहिला की दर वेळी गॅप द्यायला स्क्रू वर घ्यावा लागतो, म्हणून वर जास्त आटे दिसतात. रॉकर, पुश रॉड किंवा कॅम झिजत राहिला की स्क्रू खाली दाबत न्यावा लागतो, म्हणून वर कमी दिसतात. सहापैकी पाच सारखे आणि एक खूप खाली असेल तर ती बाजू झिजलीय. एक खूप वर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बुडालाय. सगळेच सारखे वर असतील तर हेड पूर्वी फेस झालेलं असण्याची शक्यता आहे, कारण मग पुश रॉड सगळीकडे सारखाच लांब पडतो. तो दोष धरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांची उंची. रॉकर शाफ्ट काढल्यावर सरळ पट्टी सहाही टोकांवर ठेवा. एखादं टोक इतरांपेक्षा स्पष्ट वर उठलेलं असेल तर तो व्हॉल्व्ह हेडमध्ये बुडाला. इनलेट आणि एक्झॉस्टची तुलना आपापसातच करा, कारण काही इंजिनांत दोघांची मूळ उंची वेगळी असते.

रॉकर: पत्ती खोटं का बोलते

तुमची टकटक आठवड्याने परत येते याचं मला सगळ्यात जास्त संभवणारं कारण इथे दिसतं.

शाफ्ट काढा. नट एकदम एका बाजूने सोडू नका, स्प्रिंगांचा दाब असतो. सगळे थोडे थोडे फिरवत आणा. शाफ्टचं पुढचं टोक कोणतं आणि ऑइलची छिद्रं कुठल्या बाजूला होती याची खूण आधीच करा. रॉकर, पुश रॉड सगळं ओळीने, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमाने ठेवा. पुश रॉड उपसताना थोडा फिरवून सैल करा, कारण ऑइलच्या ओढीने खालचा टॅपेट त्याच्याबरोबर वर येऊ शकतो.

आता एक रॉकर घ्या, डिझेलने धुवा, कापडाने कोरडा करा आणि दारातल्या उजेडात तिरका धरा. व्हॉल्व्हला टेकणारा त्याचा भाग, म्हणजे पॅड, गोलसर वळणाचा आणि सलग असायला हवा. झिजलेल्या पॅडवर व्हॉल्व्हच्या टोकाएवढ्या रुंदीचा चकचकीत खड्डा दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ पृष्ठभागाची काठ उरलेली असते. नख आडवं फिरवा. काठावर नख अडकलं तर तो खड्डा खरा आहे.

या खड्ड्याचा परिणाम असा. फिलर गेजची पत्ती रुंद असते, ती खड्ड्यात उतरत नाही, दोन्ही काठांवर पूल टाकल्यासारखी बसते. खड्डा ०.१५ मिमी खोल असेल आणि मेकॅनिकने ०.३० ची पत्ती अगदी नीट, घट्ट सरकेल अशी सेट केली, तरी व्हॉल्व्हच्या टोकापर्यंतचा खरा गॅप ०.४५ आहे. मेकॅनिकचं काही चुकलं नाही, पत्तीने त्याला चुकीचं सांगितलं. मग कोणीतरी आवाज घालवायला पत्तीपेक्षा कमी गॅप देतो, आवाज दबतो, आणि दुसऱ्या एखाद्या व्हॉल्व्हलाही तोच कमी गॅप दिला गेला तर तो जळायला मोकळा होतो. खड्डा असताना खरं मोजायचं असेल तर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) रॉकरच्या पाठीवर, व्हॉल्व्हच्या बरोबर वर लावा आणि रॉकर हाताने वर-खाली हलवून बघा. डायल नसेल तर व्हॉल्व्हच्या टोकापेक्षा अरुंद कापलेली पत्ती वापरा.

खड्डा हलका असेल तर चांगला ग्राइंडरवाला पॅड पुन्हा घासून देतो, पण दोन अटींवर. वळण मूळचंच राहिलं पाहिजे, कारण सपाट पॅड व्हॉल्व्हच्या दांडीला आडवं ढकलतो आणि गाईड खातो. आणि अगदी थोडंच घासायचं, कारण पॅडवरचा कडक थर फार जाड नसतो. तो निघून गेला की नवा खड्डा लवकर पडतो. वेल्डिंग करून भरलेले रॉकर मी लावत नाही. खड्डा खोल असेल तर रॉकर नवाच घ्या.

शाफ्ट खालच्या बाजूला बघा. पुश रॉड एका टोकाला वर ढकलतो, व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसऱ्या टोकाला वर ढकलते, म्हणून रॉकर शाफ्टच्या पोटाला घासतो आणि झीज नेहमी तिथेच असते. वरून शाफ्ट नवा दिसतो. रॉकर जिथे बसतो तिथे आणि दोन रॉकरच्या मधल्या न घासलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला की मी शाफ्ट बदलतो, कारण झिजलेल्या शाफ्टवर नवं बुश टाकून उपयोग होत नाही. काही जण शाफ्ट अर्धा फिरवून चांगली बाजू खाली आणतात. तसं करू नका, ऑइलची छिद्रं उलटी होतात. बुश बदलताना त्याचं छिद्र रॉकरच्या ऑइल छिद्रासमोर आलं पाहिजे आणि मग नव्या शाफ्टला जुळेल असं रीमरने (भोक मापात आणणाऱ्या हत्याराने) मारायचं. काही इंजिनांत वेगळं बुश नसतंच, तिथे रॉकरच बदलावा लागतो. शाफ्ट आत पोकळ असतो. दोन्ही टोकं उघडून आतून तार फिरवा आणि धुवा. सुटं, कसलंही ऑइल वापरलेल्या ट्रॅक्टरच्या शाफ्टमधून डांबरासारखा काळा गाळ निघतो.

पुश रॉड काचेवर किंवा सपाट फरशीवर घरंगळत सोडा, वाकडा असेल तर लगेच उडतो. वरच्या वाटीत आणि खालच्या गोळीवर खरवडल्याच्या खुणा बघा. सगळं ठीक असूनही एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप पुन्हा पुन्हा वाढत असेल तर लॉकनट सरकतोय का ते बघा, आणि मग कॅमवर संशय घ्या. डायल पुश रॉडच्या डोक्यावर लावून पूर्ण फेरा द्या, उचल किती येते ते तिन्ही सिलिंडरमध्ये ताडून बघा. एक जण स्पष्ट कमी असेल तर कॅमचं नाक किंवा टॅपेटचं तोंड गेलंय. ते मोठं काम आहे, पुष्कळ इंजिनांत टॅपेट खालूनच निघतात.

हेड उघडायचं की नाही

तुमच्या मेकॅनिकशी बोलताना हा भाग सगळ्यात उपयोगी पडेल. बोअर करायचं की नाही हे धुरावरून आणि अंदाजाने ठरवू नका, हवेने ठरवा. नोझल काढून त्या जागी बसेल असा तोटीचा तुकडा कोणत्याही लेथवर बनवून मिळतो. त्या सिलिंडरचा पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा जागी आणा, ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये टाका, ब्रेक लॉक करा, पुलीवरचा पाना काढून घ्या, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची तीन-चार किलो हवा सोडा. पंख्याजवळ कोणी उभं राहू नये.

आता कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. एअर फिल्टरच्या नळीतून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात आली तर रिंगा आणि लायनर (पिस्टन चालतो ती आतली नळी). रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. रिंगांच्या कडेने थोडी हवा चांगल्या इंजिनातही जाते, म्हणून तिन्ही सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा. तिन्हींत ब्रीदरमधून सारखी हलकीच हवा असेल आणि एका सिलिंडरला सायलेन्सरमधून मोठी फुसफुस असेल, तर बोअरला हात लावायचं कारण नाही.

धुराचं असं. स्टार्ट झाल्यावर थोडा वेळ निळा आणि मग साफ, हे गाईड आणि व्हॉल्व्ह सीलचं लक्षण: रात्रभर वरचं ऑइल दांडीवरून खाली झिरपतं. लोडवरही सतत निळा आणि ब्रीदरमधून भकाभका वाफ, हे रिंगांचं. आणि तुमचा 'निळसर' धूर कदाचित पांढरा असेल. थंडीत न जळलेलं डिझेल पांढरं येतं, डोळ्यांना झोंबतं. तसं असेल तर नोझल टेस्टिंगला द्या. ऊन पडल्यावर, गडद झाडाच्या पार्श्वभूमीवर बघा, रंग नीट कळतो.

हेड उतरवल्यावर

व्हॉल्व्ह काढण्याआधी दांडीच्या टोकाला हात लावा. ठोक्यांनी टोक फुलून कडेला बारीक कंगोरा आला असेल तर तो आधी तेलदगडाने घासा, नाहीतर व्हॉल्व्ह ओढताना तोच कंगोरा गाईडला आतून खरवडतो.

गाईड बघायला व्हॉल्व्ह सीटपासून थोडा उचला आणि आडवा हलवा. मान हलावी इतका खेळ लागला तर गाईड गेला. डायल लावून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. दांडी गाईडमध्ये चालते त्या जागी आणि न चालणाऱ्या जागी मोजा, म्हणजे गाईड झिजलाय की दांडी ते कळेल. तुमच्याकडे धूर आहे म्हणून इनलेटचे गाईड आणि रबरी सील जास्त लक्ष देऊन बघा. जुनी सील उष्णतेने दगडासारखी होतात आणि चुरतात.

व्हॉल्व्हचं डोकं पुसून कडेची जाडी बघा. घासून घासून कडा सुरीसारखी पातळ झालेला व्हॉल्व्ह पुन्हा लावू नका. साधारण एक मिलिमीटर तरी सरळ कड उरली पाहिजे, नाहीतर ती तापून जळते. सीटला टेकणारा पट्टा एकसारखा, राखाडी आणि सलग हवा. त्यात काळी रेघ आडवी गेली असेल तर तिथून वायू गळत होता. पट्ट्याची रुंदी साधारण दीड ते दोन मिमी बरी. फार रुंद पट्टा दाब विखुरतो आणि कार्बन पकडतो, फार अरुंद पट्टा उष्णता सोडत नाही.

व्हॉल्व्ह हेडच्या तोंडापासून किती आत बसलाय तेही मोजा. फार बुडालेला व्हॉल्व्ह सीलबंद असला तरी त्या खड्ड्यात हवा अडकते, कॉम्प्रेशन कमी पडतं आणि थंडीत स्टार्टला त्रास होतो. 'व्हॉल्व्ह घासले, तरी स्टार्ट होत नाही' अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. त्यावर नवी सीट रिंग बसवणं हाच उपाय. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात रेडिएटरमध्ये जड पाणी घालून चालवलेल्या ट्रॅक्टरचं हेड आतून क्षाराने पांढरं झालेलं असतं. पाणी सीटपर्यंत पोचत नाही आणि एक्झॉस्ट सीट आधी जाते. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा नीट घासून पुसून बघा, तडा असेल तर बहुधा तिथेच असतो.

धुळ्याला किंवा जळगावला हेड मशिनवाल्याकडे द्याल तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगा: आधी गाईड, मग सीट. सीट कापणारी हत्यारं गाईडमध्ये पिन घालून केंद्र धरतात. सैल गाईडवर सीट कापली की ती वाकडी येते, आणि नंतर गाईड बदलला की व्हॉल्व्ह सीटला एका बाजूनेच टेकतो. सीट जेवढी साफ होईल तेवढीच कापा म्हणावं. कोन बहुतेक इंजिनांत ४५ अंशांचा असतो, काहींत इनलेटचा ३०, ते मॅन्युअलवरून सांगा. शेवटी बारीक पेस्टने हलकं घासून पट्टा जुळवायचा आणि पेस्टचा कण न कण धुवून काढायचा, कारण ती पेस्ट गाईडमध्ये राहिली तर नव्या गाईडलाही तेवढीच खाते.

हेड परत आल्यावर तुमच्यासमोर तपासून घ्या. व्हॉल्व्ह, स्प्रिंग बसवून हेड आडवं ठेवा, पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरा आणि व्हॉल्व्हच्या कडेला ओल येते का बघा. थोडा वेळ कोरडं राहिलं तर काम चांगलं. ओल फुटली तर तिथेच परत द्या. स्प्रिंगा एका ओळीत उभ्या करा, एखादी बुटकी किंवा वाकडी उभी राहिली तर बदला.

बसवताना

हेड मॅन्युअलच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने आवळा. गॅप सेट करायचा तो हेड आवळल्यावरच, कारण हेड थोडं खाली बसलं की पुश रॉड लांब पडल्यासारखा होतो आणि गॅप कमी होतो. गरम करून हेड पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर त्यानंतर गॅप पुन्हा बघा. कव्हर लावण्याआधी स्लोवर चालवून सहाही रॉकरला ऑइल आलं याची खात्री करा. मग ५० तास काम झालं की थंड इंजिनावर सहाही गॅप मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. नव्या सीटवर पहिल्यांदा गॅप थोडा कमी होणं साहजिक आहे. दुसऱ्या तपासणीतही एक्झॉस्टचा गॅप कमीच होत असेल तर सीट पुन्हा बुडतेय, मशिनवाल्याला दाखवा.

याच वेळी एअर फिल्टरची वाटी उतरवा. आपल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटर मारताना उठणारी धूळ आत गेली की व्हॉल्व्हच्या दांड्या, गाईड आणि रिंगा एकदमच घासते. वाटीत तळाला चिखल बसलेला असेल तर नवा हेड किटही फार चालणार नाही. धुळीच्या दिवसांत ती वाटी रोज उघडून बघावी लागते.

काम कधी काढावं असंही तुम्ही विचारलंय. नुसता शाफ्ट आणि रॉकरचं काम असेल तर ते एका दिवसात आटोपतं, नांगरटीच्या मधेही चालेल. हेड काढायचं असेल तर कपाशीची लागवड उरकल्यावर पोळ्यापर्यंतचा काळ घ्या, मशिनवाल्याच्या मागे घाई लागत नाही. पण तोवर एखाद्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप शून्याजवळ आढळला, तर मात्र त्याला मॅन्युअलमधला गॅप द्या, हवेची तपासणी लगेच करा, आणि सायलेन्सरमधून फुसफुस येत असेल तर त्या ट्रॅक्टरवर जड ट्रॉली ओढू नका.

सहा गॅप, सहा स्क्रूंची उंची आणि तिन्ही सिलिंडरमध्ये हवा कुठून गेली, एवढं लिहून पाठवा. मेकॅनिकच्या अंदाजपत्रकातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते त्यावरून सांगता येईल.